मागचा नांगर

वासुदेव केळुसकरांना एक जुनी सवय होती. कुठल्याही नव्या गावात पाय ठेवला की ते आधी परतीची वाट चालून पाहत. सामान उघडायच्याही आधी. जर्मनीत लुडविग्सहाफेनला मुलाकडे पहिल्यांदा आले त्या दिवशी त्यांनी उभ्याउभ्या चहा घेतला, बूट काढलेच नाहीत. खाली उतरून ट्रामचा थांबा, गाडीचा नंबर, स्टेशनपर्यंत लागणारी मिनिटं असं सगळं छोट्या वहीत टिपलं आणि मगच वर येऊन हातपाय धुतले.

"आमी आत्ताच तर इलंव, आणि तुमी जावची गाडी बघतास?" शोभनाताई म्हणाल्या. जगाशी त्या शुद्ध मराठीत बोलत. पण नवऱ्याला टोमणा मारायचा तर तो मालवणीतच.

"बाबा, परतीचं तिकीट तीन महिन्यांनंतरचं आहे," सून ऊर्मिला हसून म्हणाली.

"तिकीट आहे गं. पण वाट माहीत हवी ना."

वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचा हा माणूस. अठराव्या वर्षी नौदलात गेला, बावीस वर्षं जहाजांवर काढली, मग मुंबईच्या गोदीत नोकरी केली आणि शेवटी गावी परतला. बोलणं बेताचं. हात मात्र रुंद, तळवे अजूनही खरखरीत. कुठेही सुटा पडलेला दोर दिसला की तो नीट वेटोळं घालून ठेवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मुलाच्या, गौरांगच्या घरात व्हॅक्यूम क्लीनरची वायर, नात अवनीची उड्या मारायची दोरी, बाल्कनीतल्या पाण्याचा पाइप, सगळं कसं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळलेलं असायचं. नऊ वर्षांच्या अवनीला मराठी सगळं समजे, उत्तर मात्र ती जर्मनमध्ये देई. आजोबांनी वेटोळं घातलेली दोरी पाहून ती "आल्झो, ओपा!" म्हणजे 'काय हे, आजोबा!' असं म्हणून डोळे फिरवायची आणि स्वतःही तशीच गुंडाळायला लागली होती.

वासुदेवरावांना बढाई मारायची सवय नव्हती. एकच गोष्ट ते अभिमानाने सांगत. त्यांच्या पाकिटात एक जुना फोटो होता, १९८५ सालचा. बाल्टिक समुद्राचा राखाडी किनारा, वाळूला लागलेलं जहाज, त्याचं पुढचं दार रॅम्पसारखं खाली टेकलेलं, आणि समोर काळ्या गणवेशातल्या रशियन मरीन सैनिकांच्या घोळक्यात सत्तावीस वर्षांचे वासुदेव. सैनिक आणि रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी जहाजं आपल्या नौदलात नवी होती. ती चालवायला शिकण्यासाठी जी तुकडी तिकडे गेली, तीत ते होते.

"रशियन मरीनांबरोबर सराव केलाय आम्ही," ते पाहुण्यांना सांगत. "दार पडलं की अठरा सेकंदांत सगळे वाळूवर. थंडीत, छातीभर पाण्यातून."

फोटोत सगळे पोट धरून हसताहेत आणि वासुदेवांच्या हातात एक काठी आहे.

"ही काठी कसली?" कोणीतरी हमखास विचारी.

"अशीच," असं म्हणून ते फोटो पाकिटात ठेवून देत.

पहिल्याच उन्हाळ्यात त्यांना विक्टर भेटला. ऱ्हाइनच्या काठावर, बाकाशेजारी, व्हीलचेअरवर बसलेला एक जाडजूड म्हातारा. मांडीवर पांघरूण, डावा पाय गुडघ्याखाली नाही. शर्टाच्या उघड्या गळ्यातून आतला पट्ट्यापट्ट्यांचा बनियन दिसत होता. पांढरा-काळा, रशियन मरीन घालत तसाच. वासुदेवरावांचे पाय थबकले. पस्तीस-चाळीस वर्षांत ज्या भाषेचा शब्द उच्चारला नव्हता, ती कुठून कोण जाणे ओठांवर आली. त्यांनी टाचा जुळवल्या आणि खड्या आवाजात लष्करी नमस्कार घातला, "झ्द्राविया झेलायू!"

म्हाताऱ्याने दचकून वर पाहिलं. मग तो इतका हसला की खुर्ची मागे सरकली. "ब्रेक लाव, इंडियन, ब्रेक!" तो रशियनमध्ये ओरडला. "नदीत जाईन मी!"

विक्टर लाऊ जर्मन वंशाचा, पण जन्माने कझाकस्तानचा. जर्मन आडनावाच्या पोरांना सोव्हिएत सैन्यात सहसा फावडं हातात देत. याला मात्र त्याच्या खांद्यांची रुंदी पाहून मरीनमध्ये घेतलं. दोन वर्षांत एकतीस वेळा तो जहाजाच्या दारातून बाल्टिकच्या किनाऱ्यावर उतरला होता. वासुदेव तिकडे गेले त्याच्या दहा वर्षं आधी. पुढे देश फुटला, तो पूर्वजांच्या जर्मनीत आला, पंचवीस वर्षं कारखान्यात टाक्या धुतल्या. बायको गेली, मग मधुमेहाने पाय नेला.

"म्हणजे तू उतरणारा आणि मी उतरवणारा," वासुदेवराव म्हणाले.

"उतरवणारे जहाजात गरम सूप प्यायचे," विक्टर म्हणाला. "आम्ही पाहायचो बरं का वाळूवरून."

त्या दिवसापासून रोज साडेचारला दोघं बाकावर. शोभनाताई डब्यात शिरा देत. विक्टर साखर चालत नाही असं सांगून अर्धाच खाई आणि उरलेला अर्धा थोड्या वेळाने खाई.

एका बाबतीत मात्र तो गप्प व्हायचा. टीव्हीवर रशियन मरीनांचे सराव दाखवले, काळ्या टोप्या, तेच दार, तीच उडी, की तो रिमोट घेऊन आवाज बंद करी. चित्र चालू ठेवी. एकदा वासुदेवरावांनी तिकडे आपल्याला शिकवणाऱ्याचं नाव काढलं: बोंदारेन्को.

"बोंदारेन्को?" विक्टर म्हणाला. "तो तर युक्रेनचा असणार."

"ओडेसाचा. आम्हाला तेव्हा सगळे रशियनच वाटायचे."

विक्टरने मांडीवरचं पांघरूण सारखं केलं. "आम्हाला कसं उतरायचं ते शिकवलं," तो म्हणाला, "कुठे आणि कशासाठी उतरायचं, हे विचारायला कोणी शिकवलं नाही. टोपी कपाटात ठेवून दिली मी. बनियन घालतो. बनियनने कोणाचं काही वाईट केलं नाही."

आता या गोष्टीतली बोट. गावात एक फेराइन, म्हणजे स्वयंसेवी मंडळ होतं. वृद्धाश्रमातल्या आणि घरी अडकलेल्या व्हीलचेअरवरच्या माणसांना ते वर्षातून एकदा नदीपलीकडच्या बेटावर सहलीला नेत. त्यासाठी त्यांच्याकडे लष्कराने काढून टाकलेली एक सपाट बुडाची बोट होती, नाव 'लोटे'. पुढचं दार खाली पडलं की खुर्च्या थेट गोट्यांच्या किनाऱ्यावर उतरत. तिथे झाडाखाली फळ्या टाकून केक, कॉफी, अकॉर्डियन. पलीकडे धुरांडी दिसत राहायची; तरी तिथे गेलेली माणसं वर्षभर त्याच दिवसाबद्दल बोलत. विक्टर आणि त्याची बायको जर्मनीत आल्यावर त्याच बेटावर मासे धरायला जात. पाय गेल्यापासून तो सहलीच्या यादीत नाव लावून वाट पाहत होता.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा नंबर लागला. वासुदेवराव त्याला सोडायला धक्क्यावर गेले होते आणि अलीकडच्या काठावरून पाहत उभे होते. लोटे बेटाला लागली, दार पडलं. चालवणारा योखेन, एरवी बस चालवणारा गृहस्थ, इंजिनाच्या जोरावर बोटीचं नाक किनाऱ्याला दाबून धरत होता. पहिल्या खुर्चीत आजीबाई होत्या, हॉफमान नावाच्या. त्या दारावर आल्या आणि तेवढ्यात नदीच्या मध्यातून एक भरलेलं मालवाहू जहाज गेलं.

मोठं जहाज जाताना नदी आधी पाणी ओढून घेते. किनारा क्षणभर उघडा पडतो, मग ते पाणी उसळून परत येतं. वासुदेवरावांनी पाणी सरताना पाहिलं. लोटेचा मागचा भाग मोकळा होता, कशालाही न बांधलेला. लाट आली, तिने बोटीचं शेपूट उचललं आणि बोट आडवी झाली. दार पिळवटलं, खुर्ची कलंडली. आजीबाईंचं मनगट मोडलं. विक्टर दारापासून दोन हातांवर होता. त्याला तसाच परत आणलं.

आणि खरं सांगायचं तर वासुदेवरावांना ही गोष्ट त्याच्या आधीच दिसली होती. बोट किनाऱ्याकडे निघाली तेव्हाच त्यांनी पाहिलं होतं की मागून नांगर टाकलेला नाही. धक्क्यावर उभ्या असलेल्या मंडळाच्या बाईंना सांगावं असं मनात आलं होतं. पण आपण पाहुणे, आपली जर्मन भाषा 'या' आणि 'डांके', म्हणजे 'हो' आणि 'धन्यवाद' एवढ्यापुरती, आपल्याला कोणी विचारलंय? ते गप्प राहिले. केळूसला परतल्यावर पावसाळाभर ते मनगट त्यांच्या डोळ्यांपुढे येत राहिलं.

या मे महिन्यात ते आले तेव्हा विक्टरने बातमी दिली. विमा कंपनीने कानावर हात ठेवले, मंडळात भांडणं झाली. सहल कायमची बंद आणि बोट विकायची, असा ठराव पुढच्या गुरुवारच्या सभेत येणार.

"एकतीस वेळा उतरलो रे," विक्टर म्हणाला. "समोरून गोळ्यांचे आवाज, कानात पाणी. आणि आता हे शंभर हात पाणी ओलांडता येत नाही."

वासुदेवरावांना राहवलं नाही. त्यांनी सांगून टाकलं. आपल्याला दिसलं होतं, आपण बोललो नाही.

विक्टर चाकं फिरवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाक रिकामा, तिसऱ्या दिवशीही. शिरा परत घरी आला.

"तुमी भांडलास काय त्याच्याशी?" शोभनाताईंनी विचारलं.

"नाही. खरं बोललो."

"मगे बरोबर," त्या म्हणाल्या.

पाचव्या दिवशी दाराची बेल वाजली. विक्टर, घामाघूम, ट्रामने एकटा आलेला. "गुरुवारी सहा वाजता," तो म्हणाला. "तू येणार आणि तू बोलणार. मी जर्मनमध्ये सांगेन. आता गप्प राहिलास ना, तर मात्र मी खरंच बोलणं टाकीन."

सभेला ऊर्मिलाही गेली. "बाबांना एकटं कसं सोडायचं?" आणि शोभनाताई गेल्या, कारण केक असतो असं त्यांनी ऐकलं होतं. अध्यक्ष ब्रेन्नरबाई म्हणजे एका इस्पितळातल्या निवृत्त नर्स. बारीक केस, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा, प्रत्येक मुद्द्यापुढे वहीत बरोबरची खूण. वासुदेवराव उभे राहिले. त्यांनी कागदावर बोट काढून आणली होती. बोट किनाऱ्याला लागण्याआधीच पाठीमागून नांगर टाकायचा, दोर सोडत पुढे जायचं. नाक किनाऱ्याला लागलं की दोर ताठ करायचा. लाट आली तरी शेपूट हलत नाही. निघताना इंजिन उलटं फिरवायचं नाही, दोर ओढत सरळ मागे यायचं.

योखेनचा चेहरा लाल झाला होता. वर्षभर तो त्या मनगटाचं ओझं वागवत होता. "हे सद्गृहस्थ समुद्रावरचे आहेत," तो म्हणाला. "ही नदी आहे. मी इथे वीस वर्षं बोट चालवतोय. यांना काय माहीत?"

ब्रेन्नरबाईंनी चष्मा लावला. "रास्त प्रश्न आहे. श्रीयुत केळुसकर, तुम्हाला हे इतकं खात्रीने कसं ठाऊक?"

 वासुदेवरावांनी पाकिटातून फोटो काढला. नेहमीचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं, मरीनांबरोबर सराव केला वगैरे. त्यांनी ते गिळलं.

"कारण मीच तो नांगर चुकवलाय," ते म्हणाले.

आणि मग, रशियनमध्ये, अडखळत, त्यांनी ती गोष्ट सांगितली. विक्टर वाक्यावाक्याला जर्मनमध्ये सांगत गेला आणि ऊर्मिला सासूच्या कानात मराठीत.

मोठा सराव होता. तीन जहाजं एका ओळीत. वासुदेवांचं काम एकच: पाठीमागच्या नांगराच्या यंत्रापाशी उभं राहायचं आणि दोन घंटा वाजल्या की नांगर सोडायचा. पुढे काळ्या गणवेशातले दीडशे मरीन दारापाशी ओळीने बसलेले, तोंडांना काजळी फासलेले. ते उतरताना कसे दिसतात हे पाहण्यासाठी वासुदेव कठड्यावरून बाहेर वाकले. घंटा वाजल्या त्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत. नांगर पडला, पण इतका उशिरा की तो किनाऱ्याच्या फार जवळ पडला. मरीन उतरले, सराव झाला, आणि जहाज निघेना. दोर ओढला तर नांगरच सरकत जवळ आला.

"बोंदारेन्को धावत आला," वासुदेवराव म्हणाले. "मी त्याला म्हटलं, काळजी नको. संध्याकाळी भरती येईल, आपोआप निघेल."

विक्टरने हे वाक्य जर्मनमध्ये सांगायला तोंड उघडलं आणि तो थांबला. "तू... बाल्टिकमध्ये... भरतीची वाट पाहणार होतास?"

"मी कोकणातला. आमच्याकडे होडी रुतली तर माणूस घरी जाऊन जेवतो. सहा तासांनी समुद्र स्वतः येऊन उचलतो. बाल्टिकला भरती नसल्यासारखीच असते हे मला कुठे माहीत?"

"मग?" ब्रेन्नरबाईंनी विचारलं.

"मग त्याने मला किनाऱ्यावर नेलं, पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि म्हणाला, राख हिला. पाणी वर चढलं की सांग. दुपारच्या जेवणापासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत मी त्या काठीशेजारी उभा होतो. पाणी बोटभर चढलं नाही. दीडशे मरीन माझ्याभोवती बसून पाहत होते. एक तर माझ्यासाठी स्टूल घेऊन आला." त्यांनी फोटो टेबलावर सरकवला. "हा तेव्हाचा. म्हणून हसताहेत. बोंदारेन्को मला एवढंच म्हणाला, तुझा समुद्र दयाळू आहे, चुकलास तर उचलून घेतो. इथे निघायची सोय पोचायच्या आधी करायची असते. त्यानंतर माझा नांगर कधी चुकला नाही. आणि मला हेही सांगायचंय... गेल्या वर्षी मी धक्क्यावर होतो. मला दिसलं होतं. मी बोललो नाही. ती चूकही माझी."

आधी विक्टर हसला, मग योखेन, मग सगळी खोली. शोभनाताई हसल्या नाहीत. त्या फोटोकडे पाहत होत्या.

"चाळीस वर्सां," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या माणसान माका ही काठी कसली ता सांगूक नाय."

योखेनने डोळे पुसले. "शनिवारी," तो म्हणाला. "रिकामी बोट. एक चाचणी. गेनाऊ, बरोब्बर एक."

ब्रेन्नरबाईंनी वहीत खूण केली. चाचणी जमली तर सहल. नाही तर बोट विकली जाईल. नदीच्या पोलिसांचा परवाना त्या स्वतः आणणार.

शनिवारी काठावर मंडळाचे नऊ जण, डोक्यावर ऊन. बोटीत योखेन, वासुदेवराव, आणि कोणाचंही न ऐकता विक्टर. "रिकामी बोट म्हणजे माणसं नकोत," तो म्हणाला. "मी सामान आहे." ऊर्मिला मधे, निरोप सांगायला.

बेटाच्या काठी दोन दगडी बांध नदीत शिरले होते आणि त्यांच्यामधे गोट्यांचा किनारा. वासुदेवरावांनी हात वर केला, योखेनने वेग उतरवला, आणि नांगर पडला. दोर हातातून सरकत गेला. नाक किनाऱ्याला लागलं. दोर ताठ झाला... आणि ढिला पडला. पुन्हा ताणला, पुन्हा ढिला. नांगर गोट्यांवरून घसरत येत होता. बोटीचं शेपूट प्रवाहाबरोबर हळूहळू वळायला लागलं.

काठावरच्या एकाने डोकं हलवलं. ब्रेन्नरबाईंनी घड्याळ पाहिलं.

"माइन फेलर," वासुदेवराव मोठ्याने म्हणाले. माझी चूक. हे दोन शब्द त्यांनी ऊर्मिलाकडून आदल्या दिवशीच शिकून घेतले होते. मग मराठीत, "तळाशी वाळू धरून चाललो मी. इथे गोल गोटे आहेत. नांगर उभा राहतोय, लवंडत नाही. त्याला जड साखळी हवी, म्हणजे तो निजेल आणि धरेल. ऊर्मिला, विचार, बोट धक्क्याला कुलपाने बांधतात ती साखळी कुठे आहे?"

"ती तर चोरांसाठी आहे," योखेन म्हणाला. पण उठून त्याने ती काढून दिली. दहा मीटर, गंजलेली, अंगठ्याएवढी जाड. वासुदेवरावांनी नांगर आणि दोर यांच्यामधे ती जोडली. हातांना सगळं आठवत होतं. "आणि या खेपेला आणखी वरच्या अंगाला टाकायचा," ते म्हणाले. "प्रवाह खाली ओढतो ना, म्हणून. किती लांब? चार लोटे, म्हणजे या बोटीच्या चौपट अंतर."

दुसऱ्यांदा नांगर पडला. नाक लागलं. दोर ताठ झाला आणि ताठच राहिला.

"झालं तर!" काठावरून कोणीतरी म्हणालं. "छान!"

"नाइन, नाही," वासुदेवराव म्हणाले. "मोठं जहाज येऊ दे."

दहा मिनिटं गेली. एक मोटरबोट गेली, तिला ते मोजायलाच तयार नव्हते. वीस मिनिटं. कोणीतरी म्हणालं, केक वितळतोय. अर्ध्या तासानंतर पर्यटकांचं जहाज गेलं, पाणी थोडं हललं. योखेन त्यांच्याकडे पाहू लागला. वासुदेवरावांनी मान हलवली. काठीशेजारी उभं राहिलेल्या माणसाला वाट पाहण्याचं काय!

मग वळणावरून ते आलं. कोळशाने भरलेले दोन तराफे पुढे ढकलणारं लांबलचक धूड, पाण्यात खोल बसलेलं. नदीने श्वास ओढून घेतल्यासारखं पाणी मागे सरलं. गोटे उघडे पडून चमकले, लोटेचं बूड खाली टेकून करकरलं. योखेनचा हात इंजिनाच्या दांड्याकडे गेला.

"नाही," वासुदेवराव म्हणाले. त्यांनी दोराचा एक वेढा खुंटावर आणखी घेतला आणि पाय रोवले.

लाट आली. तिने शेपूट उचललं. दोर तंतुवाद्यासारखा घुमला, त्यातून पाण्याचे थेंब उडाले. बोट वर गेली, खाली आली, पुन्हा वर. पण नाक सरळ, दार गोट्यांवर टेकलेलं. एक हातसुद्धा आडवी झाली नाही.

"आता!" विक्टर ओरडला, आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने ब्रेक सोडला. चाकं दारावरून घरंगळत खाली गेली, गोट्यांत रुतली, खुर्ची थांबली. तो बेटावर होता. त्याने घड्याळ पाहिलं.

"वासुदेव! किती सेकंद?"

"पन्नास वर्षं उशीर झाला तुला," वासुदेवराव म्हणाले. 

विक्टरने समोरच्या झाडाकडे पाहिलं. मग मागे न वळता म्हणाला, "बत्तीसावी वेळ. ही एकच कोणाच्या विरुद्ध नव्हती."

निघताना योखेनने इंजिन बंद ठेवलं. वासुदेवरावांनी दोर ओढला, हातावर हात, आणि लोटे नांगराकडे सरळ मागे आली. काठावर ब्रेन्नरबाईंनी खूण केली, वहीत काहीतरी लिहिलं आणि मग वही काखेत धरून टाळ्या वाजवल्या.

सहल ठरली ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी. वासुदेवरावांचा व्हिसा संपत होता नऊ ऑगस्टला. हे लक्षात आलं तेव्हा योखेनने कपाळाला हात लावला. "मग दोर कोण धरणार?"

"ऊर्मिला," वासुदेवराव म्हणाले.

"मी?" ऊर्मिला म्हणाली. "बाबा, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे!"

"मी मच्छिमाराचा मुलगा होतो. मला तरी कुठे येत होतं?"

जुलैचे पाच शनिवार तिने नदीत घातले. तळहातांना फोड आले, मग ते घट्ट झाले. गौरांग म्हणाला, "तुझे हात बाबांसारखे व्हायला लागले." ती म्हणाली, "मग त्यांना जे मिळालं ते मलाही मिळेल. दीडशे मरीन हसतील." वासुदेवरावांनी हे ऐकलं आणि बाल्कनीत जाऊन पाण्याचा पाइप पुन्हा एकदा गुंडाळला. निघायच्या दिवशी त्यांनी पाकिटातला फोटो काढला आणि फ्रिजवर, अवनीच्या वेळापत्रकाशेजारी चुंबकाने लावला. काठी दिसेल असा.

त्या रविवारी केळूसच्या घरी शोभनाताईंनी फोन उभा करून ठेवला होता. सात वाजता पडद्यावर ऊर्मिला आली. ओली, उन्हाने लाल झालेली. मागे झाडाखाली अकॉर्डियन, खुर्च्यांचा अर्धगोल. हॉफमानआजी केक खात होत्या, मनगट बरं झालेलं. विक्टरने पट्ट्यांचा बनियन घातला होता आणि डोक्यावर कागदी टोपी.

"अकरा खुर्च्या, बाबा!" ऊर्मिला म्हणाली. "अकराच्या अकरा. मधे दोन जहाजं गेली!"

शोभनाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वासुदेवराव खुर्चीत ताठ बसले होते.

"नांगर कितीवर टाकलास?"

"चार लोटे. वरच्या अंगाला."

"साखळी?"

"पूर्ण. आणि बाबा," ती हसली, "भरतीची वाट नाही पाहिली."

"तुमका नांगर सोडून दुसरां काय सुचतां?" शोभनाताई म्हणाल्या. "केक कसलो होतो ता इचारा."

वासुदेवरावांनी विचारलं नाही. ते उठून ओटीवर गेले. शेजारचा मोहन जाळं खांद्यावर टाकून चालला होता. त्याला त्यांनी हाक मारून थांबवलं.

"अरे मोहन, ये जरा. माझ्या सुनेची एक गोष्ट सांगतो तुला."